घरच्या मोटारीला रंग देताना

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



घरी मोटार बांधायची आणि घरीच तिला रंग द्यायचा, असं आपल्याकडे कुणाला सांगितलं तर तो आधी हसतो आणि मग विचारतो, ‘‘आरटीओ पास करेल का?’’ प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे अशा मोटारीची नोंदणी होणं फार अवघड. इंग्लंडमध्ये मात्र हा छंद साठ-सत्तर वर्षं चालत आलेला आहे. मोटारीचे सुटे भाग संच म्हणून विकत घ्यायचे, एखाद्या जुन्या मोटारीचं इंजिन आणि गिअरबॉक्स काढायचा आणि घराच्या गॅरेजात बसून सगळं जुळवायचं. अशा मोटारीला तिथे ‘किट कार’ म्हणतात.

या छंदाचं मूळ करामध्ये आहे, हे ऐकून गंमत वाटेल. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर खरेदी कर जबर होता. सुट्या भागांच्या संचावर तो लागत नसे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये ‘सेव्हन’ नावाची छोटी, उघडी, दोन माणसांची मोटार आणली आणि ती संचाच्या रूपातही विकली. संचाबरोबर जोडणीची माहितीपुस्तिका द्यायला नियमाची आडकाठी होती, म्हणून कंपनी मोटार ‘सुटी कशी करावी’ याची पुस्तिका द्यायची आणि लोक ती शेवटून सुरुवातीकडे वाचायचे, असा किस्सा तिथे अजून सांगतात. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी अवघ्या अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी, याचं पुस्तक लिहिलं आणि चौकोनी लोखंडी नळ्या कापून, वेल्डिंग करून सांगाडा बनवणाऱ्यांची एक नवी पिढीच तयार झाली.

नोकरीनिमित्त मी कॉव्हेंट्रीजवळ स्थायिक झालो आणि २०११ मध्ये या नादाला लागलो. सांगाडा तयार घेतला. इंजिन एका जुन्या फोर्ड सिएराचं. बाजूचे पत्रे ॲल्युमिनियमचे, पुढचं नाक आणि चारही मडगार्ड फायबरचे. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी काम करत तीन वर्षं गेली. २०१४ च्या उन्हाळ्यात मोटार चाकांवर उभी राहिली, आणि मग रंगाचा प्रश्न आला. आज मला बोलायचं आहे ते या रंगाबद्दल. कारण त्या रंगाच्या निमित्ताने मला माझ्या घरातली एक गोष्ट फार उशिरा कळली.

आमचे धाकटे काका सांगलीला एका गॅरेजात पेंटर होते. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर शेडमध्ये जात असे. पत्र्याला लांबी भरायची, ती पॉलिश पेपरने घासायची, मग अस्तराचा हात, मग वॉटर पेपर, आणि सगळ्यात शेवटी रंगाचे हात. मला सगळी हौस गन हातात धरायची. काका म्हणायचे, ‘‘अरे, सगळा रंग पेपरात आहे. गनमध्ये काय आहे?’’ मला वाटायचं, पोराला घासायला बसवण्यासाठी काढलेली ही युक्ती आहे. कॉव्हेंट्रीच्या गॅरेजात दोन महिने नुसता घासत बसलो तेव्हा पटलं.

फायबरचे भाग साच्यातून निघतात तेव्हा त्यांच्यावर मेणाचा सूक्ष्म थर असतो. तो पूर्ण पुसला नाही तर रंग धरत नाही. पुसायच्या आधी घासायला बसलात तर ते मेण पेपराबरोबर पृष्ठभागात चोळलं जातं. म्हणून आधी धुणं, मग घासणं. फायबरमध्ये टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतात. ती अस्तर मारल्यावरच दिसतात, तोवर दिसत नाहीत. ॲल्युमिनियमची वेगळी तऱ्हा. त्याच्यावर साधं अस्तर पापुद्र्यासारखं सुटतं. त्याला आम्लयुक्त अस्तर लागतं, जे धातूला किंचित खाऊन घट्ट बसतं. पेपर ऐंशी नंबरपासून सुरू करायचा, एकशे ऐंशी, तीनशे वीस असं चढत जायचं, शेवटी आठशेचा पाण्यात भिजवून. मध्येच करड्या अस्तरावर काळ्या रंगाचा एक विरळ फवारा उडवायचा. घासताना उंचवट्यावरचा काळा निघून जातो आणि खड्ड्यातला राहतो. डोळ्याला न दिसणारा खड्डा असा दिसू लागतो. ही युक्ती सांगलीतले काका आणि कॉव्हेंट्रीतले पेंटर दोघंही करत होते.

आमच्या शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ राहत. निवृत्त पेंटर. आयुष्यभर मोटारींच्या बॉडीशॉपमध्ये काम केलेले. ते कुंपणापलीकडून माझं घासणं बघत आणि कधी कधी ‘‘अजून नाही झालं’’ एवढंच सांगून आत जात. त्यांना जिना चढताना धाप लागायची. मी वयाचा परिणाम समजत होतो.

जुलैमध्ये मी त्यांना माझा बेत सांगितला. कॉम्प्रेसर भाड्याने आणायचा, गॅरेजला आतून प्लास्टिक लावायचं आणि टू-पॅक रंग मारायचा. ‘टू-पॅक’ म्हणजे आपल्याकडचे पेंटर ज्याला ‘टू-के’ किंवा ‘पीयू’ म्हणतात तो. एका डब्यात रंग, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही मिसळले की रासायनिक क्रिया होते आणि रंग काचेसारखा चकचकीत आणि कडक होतो. पेट्रोल सांडलं तरी डाग पडत नाही. पॉलिशही करावं लागत नाही. तोंडाला लावायला मी कार्बनच्या फिल्टरचा चांगला मास्क आणला होता. तो मी त्यांना कौतुकाने दाखवला.

त्यांनी मास्क हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि विचारलं, ‘‘तुझा मुलगा कुठे झोपतो?’’

मी म्हटलं, ‘‘गॅरेजच्या वरच्या खोलीत.’’

‘‘मग हा रंग इथे मारायचा नाही,’’ ते म्हणाले आणि तिथेच उपड्या बादलीवर बसले. बसून त्यांनी मला जे सांगितलं ते मी नंतर पुस्तकांतून आणि सरकारी पत्रकांतून पडताळून पाहिलं. ते सगळं बरोबर होतं.

हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. नाव ऐकून काही श्रोत्यांना भोपाळ आठवलं असेल. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये जो वायू सुटला तो मिथाइल आयसोसायनेट. रंगातली रसायनं वेगळी आहेत, ती त्या वायूसारखी पसरत नाहीत, आणि रंग पूर्ण वाळल्यावर काही धोका राहत नाही. पण कुटुंब एकच. गनमधून रंग उडतो तेव्हा त्याचे अतिशय बारीक थेंब होतात आणि ते श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जातात. काही माणसांचं शरीर एक दिवस त्या रसायनाला ओळखून ठेवतं. त्यानंतर अगदी नखभर मात्रा श्वासात गेली तरी दमा उसळतो. असं एकदा झालं की त्या माणसाला तो धंदा सोडावा लागतो.

ब्रिटनमधल्या कामगारांच्या आरोग्यावर लक्ष ठेवणाऱ्या एचएसई या सरकारी संस्थेने म्हटलं आहे की, तिथल्या इतर कामगारांच्या तुलनेत मोटारींना फवाऱ्याने रंग देणाऱ्यांना कामामुळे दमा होण्याचा धोका सुमारे ८० पट आहे. माझे शेजारी त्यांपैकी एक होते. शेहेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या हातातली गन सुटली. पुढची वर्षं त्यांनी सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर काढली.

मी म्हटलं, ‘‘पण मास्क आहे ना?’’

त्यावर त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, या रसायनाचा धोकादायक मात्रेतही वास येत नाही. त्यामुळे फिल्टर संपला किंवा मास्क गालाशी सैल बसला, तर कळायला मार्ग नाही. म्हणून या रंगासाठी फिल्टरचा मास्क चालत नाही. बाहेरून स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मुखवटा लागतो. दुसरी, फवारणी थांबल्यावर डोळ्यांना हवा स्वच्छ दिसते, पण बारीक थेंब बराच वेळ तरंगत असतात. बहुतेक पेंटर नेमकं तेव्हाच रंग कसा बसला हे बघायला मुखवटा वर करतात. आणि तिसरी, त्रास कामावर असताना होईलच असं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर किंवा मध्यरात्री खोकला सुरू होतो, छाती आवळते. सुट्टीत दहा-पंधरा दिवस काम बंद राहिलं की बरं वाटतं. त्यामुळे माणूस दोष हवेला देतो, धुळीला देतो, विडी-सिगारेटला देतो, पण रंगाला देत नाही.

हे तिसरं ऐकलं आणि माझा हात थांबला.

सांगलीचे काका विडी ओढत नसत. सुरुवातीची पंचवीस वर्षं त्यांनी ‘ड्यूको’ मारला. ड्यूको हा खरं तर अमेरिकेच्या ड्यूपाँ कंपनीचा नायट्रोसेल्युलोज रंग. १९२४ च्या ओकलंड मोटारींवर तो वापरला गेला आणि रंगकामाला पूर्वी लागणारे आठवडे वाचले. तो वाळतो थिनर उडून गेल्यामुळे. त्यात हार्डनर नसतो. आपल्या गॅरेजांतून कंपनीचं नाव विसरलं गेलं आणि ‘ड्यूको’ हे कामाचंच नाव झालं. नव्वदीनंतर नव्या चकचकीत मोटारी आल्या, गिऱ्हाईक तशीच चमक मागू लागलं आणि काकांच्या शेडमध्ये दोन डब्यांचा रंग आला. काका तोंडाला रुमाल बांधून तो मारत. कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं. सांगणाऱ्यालाही बहुधा माहीत नव्हतं.

दोन-तीन वर्षांत त्यांना रात्रीचा खोकला लागला. उशा रचून बसल्या बसल्या झोपायचे. गणपतीला गावी आले की चौथ्या-पाचव्या दिवशी खोकला थांबायचा. आई म्हणायची, ‘‘भावोजींना गावची हवा मानवते.’’ आम्ही सगळे तेच म्हणत होतो. डॉक्टरांनी दम्याचं औषध दिलं. ‘काम काय करता?’ हे कुणी विचारलं की नाही, मला ठाऊक नाही. २००४ मध्ये काका गेले. त्यांना नेमकं कशामुळे झालं हे आज सिद्ध करता येणार नाही आणि मी तसा दावाही करत नाही. पण कॉव्हेंट्रीतला एक म्हातारा बादलीवर बसून स्वतःचं दुखणं सांगत होता आणि मला त्यात काकांच्या एकेका रात्रीचा हिशेब लागत होता. मी स्वतः इंजिनिअर. दर वर्षी सांगलीला जाणारा. मी एकदाही विचारलं नव्हतं.

रंगाच्या गनचा इतिहास वाचताना पुढे एक गोष्ट सापडली. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात ॲलन डेव्हिलबिस नावाचे डॉक्टर होते. घसा दुखणाऱ्या रोग्यांना औषध थेट घशात पोहोचवता यावं म्हणून त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बारीक फवारा उडवणारं उपकरण बनवलं. त्यांचे चिरंजीव टॉमस यांनी त्याच तत्त्वावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंगाची गन तयार केली. थेंब जितका बारीक तितका तो श्वासाबरोबर आत जातो. हे औषधाला सोयीचं होतं आणि रंगाच्या बाबतीत तेच घातक ठरलं.

असो. माझ्या मोटारीला मी शेवटी जुना सेल्युलोजचाच रंग दिला, म्हणजे काकांचा ड्यूको. तो निर्धोक आहे असा कुणी अर्थ घेऊ नये. त्याच्या थिनरची वाफ डोकं गरगरवते, म्हणून फिल्टरचा मास्क इथे लागतोच. ती वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकते आणि ठिणगी मिळाली की पेटते. आमच्या गॅरेजात पाणी तापवायचा गॅसचा बॉयलर होता. शेजाऱ्यांनी तो दोन दिवस आधीच बंद करायला लावला. साधा टेबलफॅन लावायलाही मनाई केली, कारण मोटरमध्ये ठिणगी पडते. पुढचं-मागचं दार उघडं, पत्नी आणि मुलगा दिवसभर मित्राकडे, जमिनीवर धूळ बसावी म्हणून पाण्याचा शिडकावा, अशी तयारी करून ऑगस्टच्या एका कोरड्या सकाळी मी गन उचलली.

मुलाला पिवळा रंग हवा होता, हळदीसारखा. पिवळा रंग झाकत कमी. खालचं अस्तर पांढरं ठेवावं लागतं आणि हात जास्त द्यावे लागतात. गन पत्र्यापासून एक वीत दूर, सरळ काटकोनात. मनगट वळवायचं नाही, सगळा हात फिरवायचा. पत्र्याच्या आधी चाप दाबायचा आणि पत्रा संपल्यावर सोडायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. काकांच्या शेडमध्ये पाहिलेलं सगळं हाताला आठवत होतं, पण हात शिकलेला नव्हता. नाकाच्या टोकावर मी क्षणभर रेंगाळलो आणि रंग ओघळला. शेजारी म्हणाले, ‘‘हात लावू नकोस. वाळू दे.’’ ओला ओघळ पुसायला गेलं की चार बोटांचा डाग हातभर होतो. तो आठवड्याने लाकडी ठोकळ्यावर वॉटर पेपर गुंडाळून घासला, तेव्हा गेला.

दुपारी आभाळ भरून आलं आणि डावीकडच्या मडगार्डवर दुधासारखी साय धरली. थिनर झपाट्याने उडतो तेव्हा पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतलं पाणी ओल्या रंगावर बसतं. आपल्याकडे पावसाळ्यात फर्निचरच्या लॅकरवर पांढरट झाक येते, त्याचं कारण हेच. काका पावसाळ्यात दुपारचं ऊन पडेपर्यंत गन काढत नसत. मीही दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर थिनर जास्त घातलेला एक पातळ हात मारला. साय विरघळून गेली.

असे सात हात झाले. मग तीन आठवडे मोटारीला शिवलो नाही, कारण सेल्युलोज वाळला तरी आत बसत राहतो. त्यानंतर पंधराशे नंबरचा पेपर, मग दोन हजारचा, मग कंपाउंड आणि सुती फडकं. पुन्हा सगळा रंग पेपरातच! चमक टू-पॅकसारखी आली नाही. जवळून पाहिलं तर दाराजवळ थोडी संत्र्याची साल अजून दिसते. तपासणी अधिकाऱ्याला चमकेशी देणंघेणं नव्हतं. बाहेरच्या कडांची गोलाई किमान अडीच मिलिमीटर आहे ना, हे तो मोजून पाहत होता. कुणाला धडक बसली तर कडेने कापू नये, म्हणून. दुसऱ्या खेपेला मोटार पास झाली. पहिल्या फेरीला शेजारचे गृहस्थ माझ्या बाजूला बसले होते. ते उतरले, रुमालाने पुढच्या मडगार्डवरची धूळ पुसली आणि म्हणाले, ‘‘ठीक आहे.’’ पेंटरच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

त्या वर्षी दिवाळीला मी सांगलीला आलो. काकांचं काम आता चुलतभाऊ बघतो. शेडमध्ये गेलो तेव्हा तोही रुमाल बांधूनच टू-के मारत होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘‘दादा, अण्णा गेले ते दम्याने. रंगाने कुठे?’’ अण्णा म्हणजे आमचे काकाच. मी त्याला एकच विचारलं, ‘‘अण्णांना गणपतीत बरं का वाटायचं?’’ तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘मलाही वाटतं.’’

श्रोतेहो, त्यानंतर त्या शेडमध्ये हवेची नळी असलेला मुखवटा आला. गन साफ करताना हातमोजे आले, कारण हार्डनर त्वचेवर पडणंही बरं नाही. फवारणी झाल्यावर ठरलेला वेळ मुखवटा वर करायचा नाही आणि दुसऱ्या कुणी शेडमध्ये यायचं नाही, असा नियम झाला. भावाने छातीच्या डॉक्टरांना आपलं काम काय आहे ते सांगितलं आणि फुंकर मारून करायची श्वासाची तपासणी करून घेतली. त्याने टू-केची फवारणी आता जवळजवळ बंद केली आहे. तो लांबी आणि घासकाम करतो, आणि रंगाचा हात बंदिस्त बूथ असलेल्या ठिकाणी देऊन आणतो. उत्पन्न थोडं घटलं. रात्री मात्र तो आडवा होऊन झोपतो.

युरोपीय संघात २४ ऑगस्ट २०२३ पासून असं रसायन असलेला माल व्यवसायासाठी वापरणाऱ्याला आधी प्रशिक्षण घेणं सक्तीचं झालं आहे. ब्रिटनमध्ये पेंटरच्या लघवीची तपासणी करून त्याच्या शरीरात हे रसायन जातं आहे का, हे पाहण्याची पद्धत आहे. आपल्याकडे रस्त्याकडेच्या शेडमध्ये यातलं काहीही पोहोचेल तेव्हा पोहोचेल. तोवर आपण एवढं करू शकतो. मोटारीला रंग द्यायला टाकाल तेव्हा चमक बघता बघता पेंटरच्या तोंडावर काय आहे तेही बघा. रुमाल असेल तर त्याला विचारा, रात्री खोकला येतो का? सुट्टीत बरं वाटतं का? ‘हो’ म्हणाला तर त्याला सांगा, डॉक्टरकडे जा आणि काम काय करतोस ते त्यांना आपणहून सांग. हे दोन प्रश्न आमच्या घरात कुणी वेळेवर विचारले नाहीत.